सहा व्होल्टची बॅटरी

नागोजीनं तिला ओळखलं नाही, आणि जयवंताला पहिला राग आला तो त्याचाच. तीस वर्षं ज्याच्या नावानं तिनं बोटं मोडली, तो माणूस भर दुपारी निपाणीच्या जुन्या स्टँडमागं तिच्या दुकानात येऊन उभा राहतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, "मालक कुठं गेल्यात?"

"मालक मीच."

"म्हंजे बॅटरीवाल्या आक्का तुम्हीच व्हय? लई नाव ऐकलंय बगा तुमचं." त्यानं सिमेंटच्या पिशवीतून एक फुटकी बॅटरी काढून काउंटरवर ठेवली. "सहा व्होल्टची पायजे. बेळगावात खडेबाजारापासनं सगळी दुकानं पालथी घातली. कोल्हापूर झालं. जो तो बाराचीच दाखवतोय. शेवटी एकजण म्हनला, निपाणीच्या आक्काकडं मिळाली तर मिळाली, न्हायतर गाडीला हार घाला."

गाडी बाहेर टेम्पोत उभी होती. जयवंतानं माणसाच्या आधी गाडीच ओळखली होती. बेळगावच्या कॅम्पात कुणा गोऱ्या साहेबाची लिलावात निघालेली ही विलायती मोटारसायकल नागोजीच्या बापानं घेतली, आणि आसपासच्या वीस गावांत तशी दुसरी नव्हती. हिरवी टाकी, पुढं वाटोळा मोठा दिवा. ह्याच गाडीवरून नागोजी तिला बघायला आला होता, आणि गल्लीतल्या पोरी गाडी बघायला जमल्या होत्या.

साखरपुडा झाला, साडी झाली, तारीख धरली. लग्नाला आठ दिवस उरले असताना निरोप आला की पोरीला फिट येते, आम्हाला फसवलं. जयवंताला जन्मात कधी फिट आली नव्हती. मधल्या काळात नागोजीला बेळगावची, बाजारात दोन गाळे असलेल्या सासऱ्याची सोयरीक चालून आली होती, एवढीच काय ती फिट. पण शब्द सुटला तो सुटला. पुढं सात स्थळं आली आणि चहा पिऊन गेली.

ती कामाला जायची त्या तंबाखूच्या वखारीत धुरळ्यानं एखादीला गरगरलं तर बाकीच्या तिला पाणी द्यायच्या. जयवंता मात्र नुसती भिंतीला टेकली तरी शेजारची जयाबाई पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरायची. फिट आलेल्याला चप्पल हुंगवतात. न आलेल्याला हुंगवली तर काय होतं, ते जयवंताला विचारा. तिनं वखार सोडली, मामाच्या गॅरेजात बॅटऱ्यांचं काम शिकली, ॲसिडनं साड्यांना भोकं पाडून घेतली आणि लग्नाचं नाव पुन्हा काढलं नाही.

"एवढी कसली धडपड चाललीया?" तिनं विचारलं. आपला आवाज सरळ राहिला याचं तिलाच नवल वाटलं.

"पोराचं लगीन हाय रविवारी. हितंच, निपाणीत. आमच्यात सून ह्याच गाडीवरनं घरात येती. माझी आई आली, माझी बायको आली. आता सुनंनं काय टेम्पोतनं यायचं? पण बॅटरीबिगर ठिणगीच न्हाय ओ. किक मारून पाय मोडायची येळ आली."

"जुनी ठेवून जावा. शनवारी कुनाला तरी धाडा."

तो हात जोडून गेला. तीस वर्षांत त्यानं तिला केलेला पहिला नमस्कार, आणि तोही बॅटरीसाठी! शेजारच्या दारात जयाबाई उभी होती. तिनं टेम्पो बघितला, गाडी बघितली, आणि एरवी कुठल्याही टेम्पोची चौकशी करणारी ती बाई काही न बोलता आत गेली.

जयवंतानं फळीवरच्या चार बॅटऱ्या खाली घेतल्या आणि समोर मांडून बसली. पहिली बारा व्होल्टची. ती लावली तर दिवे उडतील, कॉईल भाजेल, पण ते सगळं त्याच्या अंगणात, कुणी बघायला नसताना. तेवढ्यानं तिचं काय भागणार होतं? दुसरी सहाची, पोरांच्या खेळण्यातल्या मोटारीची, सीलबंद. ती चालली असती, म्हणून ती बाद. तिसरी तिनं स्वतः बांधली होती, जुन्या काळ्या रबरी पेटीत नव्या प्लेटा घालून, वरून डांबर ओतून. तिच्यावर गाडी अजून पाच वर्षं पळाली असती.

आणि चौथी. तिच्या तीन घरांपैकी, म्हणजे सेलांपैकी, मधलं आतून मरत आलं होतं. मीटर लावला की ती गुमान सहा दाखवायची, आणि बल्ब लावला की दहा-पंधरा मिनिटांत मान टाकायची. वरातीच्या गोगलगायी चालीत डायनॅमो काही बॅटरी भरत नाही. म्हणजे हॉलपासून निघालेली गाडी बरोबर हायवेच्या चौकात, बँड वाजत असताना, चार गावच्या पाहुण्यांदेखत बंद पडणार. नागोजी किक मारणार. फेट्याचा शेमला त्याच्या तोंडावर येणार. पुन्हा किक मारणार.

बॅटरी निवडताना एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं. तिनं चौथीची टोकं घासून लखलखीत केली, पेटीला काळा रंग दिला. गिऱ्हाईकासमोर वीस मिनिटं बल्ब पेटवून दाखवल्याशिवाय ती बॅटरी हातातून सोडत नसे. हा तिच्या धंद्याचा नेम सगळ्या निपाणीला माहीत होता. तो नेम तिनं ह्या एका गिऱ्हाईकापुरता गुंडाळून ठेवला, आणि तिला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

शनिवारी नागोजीचा मुलगा स्वरूप आला, आणि बरोबर त्याची होणारी बायको. भाग्यलक्ष्मी तिचं नाव. दोघंही बेळगावात नोकरीला. पोरगा बापासारखाच नाकेला, पण बोलायला मऊ. जयवंतानं काळी कुळकुळीत चौथी बॅटरी काउंटरवर ठेवली.

"आक्का, ही नक्की चांगली आहे ना?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं. "हसू नका, पण मला रात्रभर झोप नाही."

"गाडी बंद पडली तर पडली. ढकलत न्यायची. त्यात तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय ना. मामा, म्हणजे ह्याचे वडील, म्हणतात, वाटेत गाडी बंद पडली तर सुनेचा पायगुण वाईट. मग उंबऱ्यातूनच माहेरी परत पाठवायची, आणि ग्रहशांत केल्याशिवाय आत घ्यायची नाही. त्यांच्या एका चुलतीला तसंच पाठवलं होतं म्हणे."

"आप्पा नुसतं बोलतात गं," स्वरूप म्हणाला.

"नुसतंच बोलतात," ती म्हणाली, "पण पुढं जन्मभर लोक काय बोलतील?"

जयवंताचा हात बॅटरीवरच राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ह्या वेळी स्वतःवरच. गाडी नागोजीची, खोट बॅटरीची, आणि डाग लागणार ह्या पोरीला. नागोजी चारचौघांत कपाळाला हात लावणार, लोक त्याचीच कीव करणार. तीस वर्षांपूर्वीही लोकांनी त्याचीच कीव केली होती, बिचारा थोडक्यात वाचला म्हणून. म्हणजे तिनं मोठ्या हौसेनं बेत रचला तो नागोजीच्याच सोयीचा.

"ही ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि चौथी उचलून खाली टाकली. तिसरी वर घेतली, तिला बल्ब जोडला आणि वीस मिनिटं तिघंही त्या पिवळ्या उजेडाकडं बघत बसली. बल्ब हलला नाही.

"द्या मग," स्वरूप म्हणाला.

"हातात देनार न्हाय. ह्या विलायती गाडीला प्लस बॉडीला जोडत्यात, मायनस न्हाय. आजकालचा कुठला बी मेकॅनिक सवयीनं उलटं जोडतोय आणि तारा जाळतोय. मी सोता हॉलवर येऊन बसवनार."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. स्वरूपला फार बरं वाटलं. त्यानं गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन या असा आग्रह केला आणि जाताना तिचं पूर्ण नाव विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलं.

रविवारी अक्षता पडल्या, पंगती उठल्या. जयवंता पिशवीत बॅटरी घेऊन पोचली तेव्हा चार वाजले होते. हॉलच्या दारात झेंडूच्या माळा घातलेली गाडी उभी होती. साडेचारला राहुकाळ लागणार, त्याआधी वरात निघायलाच हवी म्हणून नागोजी दर मिनिटाला घड्याळ बघत होता. तरीही स्टेजवर सत्कार चालूच होते. इकडच्या लग्नात सत्काराशिवाय कुणी सुटत नाही. सरपंच झाला, सोसायटीचा चेअरमन झाला, स्वयंपाक्यालासुद्धा टॉवेल-टोपी मिळाली. आणि मग माईकवाल्यानं चिठ्ठी वाचली, "ज्यांच्यामुळं आज ही ऐतिहासिक गाडी चालणार आहे, त्या बॅटरीवाल्या आक्का, श्रीमती जयवंता आण्णाप्पा! वरपिता नागोजीरावांनी खण-नारळ देऊन सत्कार करावा!"

टाळ्या झाल्या. नागोजीचा हात नारळासकट हवेत थांबला. आता ओळखलं त्यानं. जयवंतानं नारळ घेतला नाही, माईक घेतला.

"मी वखारीतल्या आण्णाप्पाची लेक," ती म्हणाली. "तीस वर्सामागं ह्या गाडीवरनं मीच जायाची हुते. लग्नाला आठ दिस हुते तवा ह्यांनी निरोप धाडला, पोरीला फिट येती. बॅटरी पिशवीत हाय. अजून बसवल्याली न्हाय. नागोजीराव, मला फिट येत हुती?"

नागोजी हसायला गेला. "आक्का, शुभकार्यात कशाला त्या जुन्या..."

"व्हय का न्हाय, तेवढंच."

"आप्पा, ह्या काय म्हणतायत?" स्वरूप पुढं आला. बापानं त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानं घड्याळ बघितलं. चार वाजून चौदा मिनिटं.

"न्हाय," तो पुटपुटला.

"माईकमधी बोला."

"न्हाय. फिट येत न्हवती."

"मग सांगितलं कुनी?"

"मी."

"का?"

"बेळगावचं स्थळ आलतं." पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. तिनं मांडीवरचं ओटीचं ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि ती उठून आत निघून गेली.

जयवंतानं खाली येऊन सीटखालची पेटी उघडली, प्लसची तार बॉडीला आवळली, मायनस जोडली. दुसऱ्या किकला गाडी धडधडली. भाग्यलक्ष्मीनं बसायच्या आधी तिचा काळा, तेलकट हात दोन्ही हातांत धरला, मग ती स्वरूपच्या मागं बसली. बँड वाजला, वरात निघाली, आणि नागोजी तिच्या मागून मान खाली घालून चालू लागला.

गोड वाटलं. खोटं कशाला सांगा, लग्नातल्या जिलबीहून गोड वाटलं. जयवंता दाराशी उभी राहून त्याच्या फेट्याकडं दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. त्या घरात आज कुणी कुणाशी सरळ बोलणार नाही, उद्याही नाही, ह्या विचारानं तिला बऱ्याच वर्षांनी भूक लागली.

जयाबाई ताट वाढूनच घेऊन आली. तिच्या मागं गल्लीतल्या आणखी चौघीजणी, सगळ्या वखारीतल्या जुन्या.

"बरं केलंस गं बाई," जयाबाई म्हणाली. "आमाला तर तवाच ठावं हुतं, तुला काय बी न्हाई म्हनून."

जयवंतानं घास ताटात ठेवला. "तवाच?"

"व्हय की. त्या बेळगावच्या सोयरिकीचं अख्ख्या वखारीला ठावं हुतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. "पन दुसऱ्याच्या भानगडीत आपून कशाला पडायचं, म्हनलं. आनि एकदा समदी म्हनायला लागली फिट, मग आपून बी म्हनायचं."

"आनि चप्पल?"

"आता समदी बघत असायची. न्हाय लावली तर लोक काय म्हनलं असतं?" जयाबाई मायेनं हसली. "जेव, जेव. थंड हुईल."

जयवंतानं त्या पाच तोंडांकडं एकेक करून बघितलं. नागोजी एकदाच खोटं बोलला आणि गाडीला किक मारून निघून गेला. ह्या बायका तीस वर्षं रोज सकाळी तिच्या दारावरून पाणी भरायला गेल्या, खरं पोटात ठेवून. आणि ती बसली होती त्या एकट्याच्या नावानं बोटं मोडत.

निम्मी गल्ली अजून खुर्च्यांवर पान चघळत बसली होती, आणि स्टेजवरचा माणूस माईकची वायर गुंडाळायला लागला होता.

"थांब रं, अजून पाच नावं ऱ्हायल्यात," ती त्याला म्हणाली. तिनं ताट जयाबाईच्या हातात परत दिलं, पदर कमरेला खोचला आणि ती पुन्हा स्टेजच्या पायऱ्या चढली.