शौनक ऑनलाइन आहे

माझा भाऊ शौनक ठाण्याला राहतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मला विचारतात की तो अमेरिकेत नक्की कुठे असतो. अमेरिकेत नाही हो, घोडबंदर रोडला असतो. आणि आम्ही, म्हणजे बाबा आणि मी, डोंबिवलीला.

पूर्वी त्याच्या न येण्याचं कारण शीळफाटा होतं. तिथला ट्रॅफिक त्याला इतका सोसत नसे की आईच्या वर्षश्राद्धाला तो पोचला तेव्हा भटजी चपला घालत होते. मग माणकोलीचा पूल झाला. पूल झाला त्या आठवड्यात त्याने फोन करून सांगितलं की आता काय, वीस मिनिटांत डोंबिवली. त्या पुलावरून अर्धं ठाणं डोंबिवलीत येऊन गेलं असेल, आमचे बंधुराज सोडून. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे सरकारने अंगण सरळ करून दिलं, तर याचे पाय दुखायला लागले.

शौनक ज्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, ती हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम बनवते. आमच्या लहानपणी मिळायचे तसेच, दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबायची. ते पेन्सिल सेलवर चालायचे आणि खेळायच्या आधी कुणाची परवानगी मागायचे नाहीत. शौनकच्या कंपनीने त्यात वायफाय घातलं. कर्तृत्व म्हणाल तर एवढंच. पण त्याच्या तोंडून ऐकाल तर भगीरथाने गंगा आणली तेव्हाही एवढा गाजावाजा झाला नसेल. आता म्हणे इथला माणूस आणि तिथला माणूस आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळणार. खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय, ‘दूर असूनही जवळ’. जवळ असून दूर राहणाऱ्या माणसाने हे वाक्य सुचवलं, आणि त्याबद्दल त्याला कंपनीत बक्षीसही मिळालं.

बाबांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला तो खेळ आमच्या घरी आला. कुरियरने. कुरियरचा माणूस पुलावरूनच आला, घाम पुसत, आणि खोकं देताना बाबांना हॅपी बर्थडे म्हणाला. मी त्याला पाणी आणि शिरा दिला. वाढदिवसाला ठाण्याहून आलेलं माणूस, असंच पाठवायचं का?

त्या खेळात नवकंकरी होती. एकात एक तीन चौकोन काढायचे, दोघांनी नऊ-नऊ खडे घ्यायचे, आपले तीन ओळीत आले की समोरच्याचा एक खायचा. बाबा आणि शौनक हे दर रविवारी खेळायचे, आमच्या गॅलरीत, फरशीवर खडूने आखून. बाबांचे चिंचोके आणि शौनकच्या जुन्या शर्टांची बटणं. मला कधी कुणी खेळायला बोलावलं नाही. डाव संपल्यावर फरशी पुसायला मात्र बोलावत. याचा राग मला तेव्हा होता आणि आजही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

तर या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या एक खडू आणि वीतभर जमीन पुरत होती. आता त्याला राउटर लागायला लागला, पासवर्ड लागायला लागला. ऐन डावात पडदा काळा होऊन अपडेट चालू आहे असं यायचं आणि बाबा हात मांडीवर ठेवून दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे बसायचे. राउटर फ्रिजवर आणि रेंज फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी. त्यामुळे ज्या माणसाने सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तो माणूस रोज संध्याकाळी फ्रिजला पाठ टेकवून बसू लागला. दही काढायचं झालं तर मला त्यांना उठवावं लागे.

पण बाबा खूश होते. दिवेलागणीला खेळ सुरू केला की कोपऱ्यात एक हिरवा ठिपका यायचा आणि त्याच्यापुढे लिहून यायचं, ‘शौनक ऑनलाइन आहे’. खेळायला बसण्याआधी बाबा केस विंचरायचे. मी त्यांना सांगितलं की त्यात कॅमेरा नाही. ते म्हणाले, असू दे.

हे यंत्र आलं आणि शौनकचं उरलंसुरलं येणंही बंद झालं. मी एकदा फोन केला आणि सांगितलं, बाबांना तुझ्यासमोर बसून एक डाव खेळायचाय, एखाद्या रविवारी ये. त्यांचं मागणं तेवढंच होतं, एक डाव. तो म्हणाला की ताई, आम्ही रोज तर भेटतो. त्याच वर्षी नवरात्रात तो टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत तासन्‌तास उभा होता, फोटो सगळ्यांना पाठवले होते. देवी नशीबवान. तिला वायफायवर दर्शन देता येत नाही.

चैत्रात हेमाने, म्हणजे शौनकच्या बायकोने, हळदीकुंकवाला बोलावलं. मी गेले. आंब्याची डाळ चांगली झाली होती, हेमाबद्दल माझी तक्रार नाही. हात धुवायला आत जाताना मला चपलांच्या कपाटावर तो खेळ दिसला. चार्जिंगला लावलेला होता, पडदा चालू होता आणि पडद्यावर सोंगट्या हलत होत्या. बाजूला कुणी नव्हतं. मी वाकून पाहिलं. वरती लिहिलेलं होतं, ‘बाबा ऑनलाइन आहेत’. पांढरी सोंगटी सरकली. थोडा वेळ गेला. काळी सोंगटी आपोआप सरकली. मग पांढरीला बराच वेळ लागला, आणि मला डोळ्यांसमोर बाबा दिसले, फ्रिजला टेकून, विचार करताना हनुवटी चोळणारे.

शौनक आतल्या खोलीत लोळत मॅच बघत होता. मी खेळ त्याच्यासमोर धरला. त्याला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. लाज वाटायला आधी आपलं काही चुकलंय असं वाटावं लागतं.

“अगं ताई, फीचर आहे ते,” तो म्हणाला. “बिझी मोड. माझ्या सवयी शिकून माझ्यासारखंच खेळतं. सेम टू सेम. बाबांना कळत पण नाही, मग प्रॉब्लेम कुणाला आहे?”

मी विचारलं, तू स्वतः शेवटचा कधी खेळलास? तो जरा आठवू लागला. मग म्हणाला की टेस्टिंगसाठी पहिल्या दिवशी खेळलेलो.

उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिलेत. याने उंटावरही आपल्याऐवजी बुजगावणं बसवलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा म्हणाले की आज शौनक हरला, पण चांगला खेळला. मी हो म्हटलं आणि कुकर लावायला गेले. सांगू काय त्यांना? की ज्याच्यासाठी केस विंचरता, ते चपलांच्या कपाटावर पडलेलं असतं? माझ्याच्याने ते होईना. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी पोळ्या लाटायचे आणि तो हिरवा ठिपका दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि मग शौनक आला. खरोखरचा. कंपनीला जाहिरात करायची होती, खऱ्या बापलेकाची, आणि त्यासाठी आमचं घर हवं होतं. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी जाहिरातीबद्दल काही विचारलं नाही. शौनक स्वतः येणार आहे ना, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खडू आणायला सांगितला. माळ्यावरून चिंचोक्यांचा आणि बटणांचा डबा काढून घेतला, पुसला आणि गॅलरीत स्टुलावर ठेवला.

शौनकबरोबर चार माणसं होती. त्यांची प्रमुख कल्पिता नावाची एक चुणचुणीत मुलगी. तिला आमचं घर पुरेसं जुनं वाटेना. तिने टीव्ही झाकला, कुणाच्या तरी खिडकीतून तुळशीची कुंडी मागून आणून आमच्या खिडकीत ठेवली, रेंजसाठी आपला राउटर आणून लावला, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो काढून त्यांना बंडी घालायला लावली. जरा थकलेले दिसा आजोबा, असंही म्हणाली. मे महिन्यात पंखा बंद करून बसवल्यावर माणसाला थकलेलं दिसण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

गोष्टीत मुलगा दूर असायला हवा होता. म्हणून शौनक आमच्या बेडरूममध्ये जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. वर्षाने बापाच्या घरी आलेला मुलगा, मधे एक भिंत, आणि खेळणार वायफायवर. मी चहा द्यायला आत गेले तर खेळ पलंगावर पडलेला, सोंगट्या आपोआप सरकताहेत, आणि हा खिडकीशी फोनवर. भिंतीपलीकडच्या बापासाठीसुद्धा बिझी मोड. मी कप आपटून ठेवला. त्याने हाताने खूण केली, हळू.

बाहेर कॅमेरा चालू होता. बाबा खेळत होते. कल्पिताने विचारलं, “आजोबा, मुलाशी रोज असं खेळताना कसं वाटतं?”

“मुलाशी कुठे खेळतो मी?” बाबा म्हणाले. “हे यंत्र आहे.”

ती हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी सोंगटी सरकवली आणि वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तशा शांतपणे सांगितलं, “शौनक हरायला लागला की पायाने पट पुसून टाकतो. पाच वर्षांचा होता तेव्हापासून. मोठा झाला तेव्हा फोन आल्याचं निमित्त करून उठायला लागला. हा शेवटपर्यंत बसतो आणि मुकाट्याने हरतो. दुसऱ्याच दिवशी ओळखलं मी.”

बेडरूमचं दार उघडलं होतं. शौनक दारात उभा होता, फोन कानाला तसाच. माझ्या हातात ट्रे होता आणि माझे डोळे भरून आले, याचाही मला संताप आला. कॅमेरा चालू असताना मधे बोलू नये असं मला बजावलं होतं, तरी मी विचारलं, “मग रोज का बसायचात, बाबा?”

“तो ठिपका दिसतो ना हिरवा,” ते म्हणाले. “तो दिसला की कळतं, त्याच्या घरी दिवा लागलाय, सगळं ठीक आहे. मग मला झोप लागते.”

कल्पिताने खरंच डोळे पुसले. मग म्हणाली, “आजोबा, हे शेवटचं परत एकदा बोलाल? मागे भांडं वाजलं.”

बाबांनी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस पुढे येईल, ते खेळणं बाजूला ठेवेल, बापाजवळ बसेल. शौनकने फोन खाली घेतला.

“बाबा, प्लीज,” तो म्हणाला. “एकदाच. मस्त आलंय.”

बाबा परत बोलले. मुलाने मागितलं म्हणून बोलले, शब्दन्‌शब्द तसंच.

सामान आवरल्यावर त्यांनी शर्ट घातला, गॅलरीतला डबा आणला आणि खडू शौनकपुढे धरला. शौनकने घड्याळात पाहिलं. टीमला सोडायचंय, म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की. कुंडी न्यायला ती माणसं विसरली. ती कुणाची, हे शोधत मी तीन मजले फिरले.

जाहिरात आली. पुढचं, मागचं सगळं कापून फक्त शेवटचं ठेवलं होतं. बंडी घातलेले बाबा, हिरवा ठिपका, मग मला झोप लागते, खाली सोनेरी अक्षरं. आमच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी बाबांचं अभिनंदन केलं. एक बाई मला म्हणाली की भाग्य लागतं हो असा मुलगा मिळायला. मी म्हटलं, लागतं खरं. शौनकने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, बाबांना सांग, व्हायरल झालेत. पुढचा रविवार आला आणि गेला. त्यानंतरचाही.

एका संध्याकाळी बाबांनी केस विंचरले नाहीत. ते फ्रिजपाशी बसले नाहीत. उभ्याउभ्याच राउटरचा प्लग काढला, खेळ खोक्यात घातला आणि खोकं पायाने ओट्याखाली सरकवलं. मग गॅलरीत खुर्ची ओढून मला हाक मारली. त्यांना वाकवत नाही, म्हणून तीन चौकोन मी आखले. आखून झाल्यावर सवयीने उठायला लागले, फडकं आणायला.

“बस,” बाबा म्हणाले आणि बटणांचा डबा माझ्याकडे सरकवला.

पन्नाशीला आलेली बाई मी, नऊ बटणं तीन-तीनदा मोजून घेतली. दोन-चार खेळ्या झाल्या असतील नसतील, फोन वाजला. शौनक होता. आपण होऊन त्याने किती दिवसांनी फोन केला, ते मी मोजायचं सोडलं होतं. आवाजात काळजी होती. मी स्पीकर चालू केला.

“ताई, काय झालंय? बाबा ऑफलाइन दाखवतायत. उद्या सकाळी इन्व्हेस्टरना लाइव्ह दाखवायचंय, जरा बघ ना.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक चिंचोका उचलला, हनुवटी चोळली आणि तो जागेवर ठेवला. तीन ओळीत आले होते. त्यांनी माझं एक बटण खाल्लं.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “मी घरी आहे.”