दोन बुधरींचा डावा गाल

नाव

कार्डावर पहिला रकाना नावाचा. इंदुताईंनी पेन्सिल धरली आणि समोरच्या बाईकडे पाहिलं. बाई नुसती हसली. तिच्या शेजारी बसलेलीकडे पाहिलं. तीही हसली.

"नाव काऊन नाई सांगत?" इंदुताईंनी वारलूला विचारलं. वारलू जंगलनाक्याचा चौकीदार. माडिया आणि मराठी दोन्ही बोलायचा, म्हणून सोबत घेतलेला.

"नाई सांगनार बाई. दोघीबी बुधरी. बुधवारी जलमल्या, अजून काय! पन लहानपनी यायनं एकमेकीले मोहाचं फूल देलं. फूल देलं का सखीचं नाव तोंडानं घ्याचं नाई. मंग सोताचं तरी कसं घेतीन? तेच तं नाव हाये!"

"हाक काय मारते मग?"

"फूल. हे बी फूल, ते बी फूल."

"बरं, नवऱ्याचं नाव?"

वारलू खो खो हसला. "तुमच्या ब्रह्मपुरीत घेते का बाया? मंग इथीच काऊन इचारता?"

पाठीला झोळी बांधून तिच्यात तीन वर्षांची पोर झोपवलेली, ती धाकटी. केस पिकलेली, कमरेत ताठ, ती थोरली. इंदुताईंनी कार्डांवर एवढंच लिहिलं.

डावा गाल

साल छपन्न. नागपूरचे डॉक्टर हरकरे तोंडाच्या रोगांवर संशोधन करत होते आणि त्यांच्या परिचारिका इंदुताई चैत्राच्या उन्हात गावोगाव माणसांची तोंडं बघत फिरत होत्या. साडेसातशे तोंडं झाली होती. कार्डावर तोंडाचा नकाशा छापलेला, त्यात पांढरा चट्टा दिसला की पेन्सिलीनं रंगवायचा. तंबाखू-चुना धरायची जागा आणि चट्ट्याची जागा एकच निघते, हे डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. "माणूस गाव बदलेल, तंबाखूचा गाल नाही बदलणार," ते म्हणत.

ते खरंच होतं. डाव्या गालात धरणारा जन्मभर डाव्यातच धरायचा.

दोन्ही बुधरी डाव्या. दोघींना चट्टा, दोघींचा खरखरीत. इंदुताईंनी दोघींच्या गालांतून तांदळाएवढा तुकडा काढला आणि फॉर्मालिनच्या पाण्यात टाकला. त्या गावात दोनच बाटल्या झाल्या.

थोरलीनं बाटली उन्हात धरून पाहिली. काहीतरी बोलली. वारलू म्हणाला, "इचारते, आमचं मास नागपूर पाहून येईन, आमी कवा पाहू?"

दोरा

बाटल्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांची खळ दुपारीच मुंग्यांनी खाल्ली. चिठ्ठ्या गळून पडल्या. थोरलीच्या अंगणात पळसाच्या फुलांत रंगवलेला दोरा वाळत होता. इंदुताईंना तो फार आवडला. थोरलीच्या बाटलीला त्यांनी तो केशरी दोरा बांधला, धाकटीच्या बाटलीला पांढरा. कागद मुंग्या खातात, दोरा नाही खाणार. स्वतःच्या हुशारीवर त्या खूश होत्या.

बांबूच्या ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्या एका तोंडात शिरल्या. आत लाल मातीची वाट होती. वर टाळू, झोपडीच्या छपरासारखी वाशावाशांची. दात मोहासारखे टपटप गळत होते आणि दोन बाया ते टोपलीत वेचत होत्या. "पुढे जाऊ नको," एक म्हणाली, "पुढे नाव आहे." इंदुताई पुढे गेल्या. तिथे नाव नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि पाण्यात केशरी रंग हळूहळू विरत चालला होता.

जाग आली तेव्हा बाटल्यांची पेटी ओली होती. बुचं सैल झाली होती. तुरटीनं रंग पक्का न केलेल्या दोऱ्यानं सगळा रंग सोडला होता आणि तो पांढऱ्यालाही लागला होता.

दोन बाटल्या. दोन फिकट पिवळे दोरे.

(या रकान्यात काही लिहू नये)

दीड महिन्यानं निकाल आला. एका तुकड्यात काही नाही. दुसऱ्यात कर्करोग, पण अगदी सुरुवातीचा. कोणता तुकडा कोणीचा, ते इंदुताईंना सांगता येईना.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आत्ता कापलं तर बाई वाचेल," ते म्हणाले. "पुन्हा तुकडे मागवून तपासायला, कितीही घाई केली तरी, तीन आठवडे. तोवर नद्या चढतील, मग चार महिने वाट बंद. चार महिन्यांनी जबड्याचं हाड गेलेलं असेल. मी एक खाट धरून ठेवलीय, इंदुताई. जिची आहे तिला आणा."

ट्रक पुन्हा एटापल्लीकडे, बुधरींच्या गावाला निघाला. इंदुताई डोळे मिटून बसल्या. थोरली असू दे, असं त्यांच्या मनात आलं. झोळीतली पोर आठवली म्हणून आलं. मग थोरलीनं बाटली उन्हात कशी धरली होती ते आठवलं आणि त्यांनी डोळे उघडले.

उजवा गाल

वारलूनं सगळं समजावून सांगितलं. एकीला रोग आहे, कोणाला ते बाईंच्या चुकीनं कळत नाही.

थोरली लगेच म्हणाली, "मले हाये." तेवढं मराठी तिला येत होतं.

"नाई, मले," धाकटी म्हणाली.

"अवो, इथी काय लाडू वाटून राह्यले का?" वारलू वैतागला. "दोघीबी मले मले!"

इंदुताईंनी दोघींकडे नीट पाहिलं. धाकटीचा उजवा गाल तंबाखूनं फुगलेला होता. उजवा! ही गाल बदलणारी बाई नव्हे. डाव्यात काही ठेववत नसेल, तरच.

थोरलीनं ती नजर पाहिली. तिनं बोट घालून आपल्या डाव्या गालातली तंबाखू काढली, उजव्या गालात ठेवली आणि इंदुताईंकडे बघत राहिली. आता दोघींचे उजवे गाल सारखे फुगलेले.

"फूल लई बदमाश हाये," वारलू हळूच म्हणाला.

इंदुताईंनी आरसा आणि बॅटरी काढली. "तोंड उघड."

थोरलीच्या डाव्या गालात, तुकडा काढला तिथे, सुताएवढी पांढरी रेघ होती. जखम केव्हाच भरून आली होती. धाकटीनं ओठ घट्ट मिटले. इंदुताई तिच्यासमोर मातीत बसल्या. पोर झोळीतून बाहेर आली, तिनं आईच्या हनुवटीला हात लावला आणि आपणच आ केला, जेवताना करतात तसा. आईनंही केला.

जखम भरलेली नव्हती. कडा वर आलेल्या, बोटाला टणक. दीड महिना ही बाई नुसती आंबील पीत होती आणि कोणाला सांगत नव्हती.

थोरलीनं आत वाकून पाहिलं. मग उठली, घरात गेली आणि घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर आली.

"खाट एकच आहे," इंदुताई म्हणाल्या.

वारलूनं सांगितलं. थोरलीनं उत्तर दिलं आणि झोळी आपल्या पाठीला बांधू लागली.

"म्हनते, खाटेवर फूल झोपन. खाली भुई तं आसनच ना नागपुरात?"

परतीच्या वाटेवर बांडे नदीत पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं होतं. ट्रक मधोमध थांबल्यासारखा झाला. पाणी तेवढं चालत होतं. इंदुताईंना क्षणभर वाटलं, आपण पुन्हा स्वप्नातल्या त्या तोंडात आहोत आणि या वेळी दोन्ही बाया सोबत आहेत. मग चाकं दगडाला लागली आणि ट्रक पलीकडे चढला.

शेरा

फेरतपासणी, साल एकोणसाठ. डाव्या गालात जुना व्रण, मऊ. चट्टा नाही. जबडा शाबूत. तोंड दोन बोटं उघडतं. तंबाखू सोडली. हसताना चेहरा एका बाजूला ओढला जातो.

नावाच्या रकान्यात इंदुताईंनी बुधरी लिहिलं. नवऱ्याच्या नावाचा रकाना तीन वर्षं कोराच होता. तिथे त्यांनी लिहिलं: सोबत फूल.