खाली बसल्याशिवाय

"ऊठ, बस, ओरडू नको. एवढं कानडी शिकवलंत की झालं, पद्मजाबाई," डॉक्टर वेणीमाधव वॉर्डच्या दारातूनच म्हणाले. "माझ्या नर्सना काही कीर्तन करायचं नाहीये."

उत्तर देण्याआधी पद्मजाने कडेवरच्या तान्ह्या लेकीच्या, प्रभाच्या कपाळाला हात लावून पाहिला. दिवसभराची सवयच ती. धारवाडात वाढून, तिथेच बी.ए. होऊन ती सोलापुरात सून म्हणून आली होती. अक्कलकोटाकडच्या बाळंतिणींचं कानडी कुणाला उमगत नाही हे पाहून या सूतिकागृहातल्या नर्सना ती शिकवू लागली. घरी ते कुणालाच रुचलं नव्हतं.

"लेकराला घिऊन हितं कशापायी येता?" आया गोजाबाई पुटपुटली. "घरी आजी हाय की."

"आजी हाय, पण तिला दूध न्हाय की!" पद्मजा तिच्याच बोलीत म्हणाली.

गोजाबाई खुदकन हसली.

डॉक्टर बसव्वाच्या खाटेपाशी थांबले. नुकतीच बाळंत झालेली, सीमेकडच्या खेड्यातली बाई. "आराम?" बरी आहेस ना, अशा अर्थी त्यांनी वर्गातला शब्द टाकला.

"आराम री," बसव्वा हसून म्हणाली.

"बघा, भागलं काम! हिला घरी सोडा. खाट हवीय."

पद्मजा मात्र बसव्वाचा हात बघत होती. त्या हाताने खाटेची कड घट्ट धरली होती. शेजारी पोर टाहो फोडत होतं आणि आईने कूससुद्धा बदलली नव्हती.

"ती आरामच म्हणणार, डॉक्टर. उभ्या माणसाला तिकडे कुणी दुखणं सांगत नाही. माणूस टेकला, जेवणखाण विचारलं, की मग बोलतात. मालती, खाली बस."

नर्स मालती गोरीमोरी झाली. वॉर्डात नर्सने बसायचं नाही, असा तिथला नियम.

"ती बसली, तर उद्यापासून तुमचा वर्ग बंद."

"खुशाल बंद करा. आज ती बसेल."

मालतीने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, परीटघडीचा पदर सावरला आणि फरशीवर मांडी घातली. "ऊटा आतेन, अव्वा?" जेवलीस का, बाई?

बसव्वाने खाटेची कड सोडली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्रीपासूनची हुडहुडी, ओटीपोटातली कळ. मालतीला निम्मंच कळलं, पण तेवढं पुरलं. तिने बसव्वाच्या गळ्याला हात लावला. "चटका बसतोय, डॉक्टर."

डॉक्टरांनी थर्मामीटर मागवलं, पाहिलं. "राहू दे तिला." आणि जाता जाता, न वळता, "वर्ग मात्र बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मजाने फाटकाबाहेर कडुनिंबाखाली वाकळ अंथरली. प्रभाला निजवलं, कपाळ चाचपलं. कुणी येईल का?

फाटक करकरलं. मालती आली, तिच्यामागून आणखी दोघी. शेवटी गोजाबाई. "बसव्वा पेज प्याली बगा," ती टेकत म्हणाली. "मला बी शिकवा की."

तेवढ्यात डॉक्टरांचा टांगा आला. कुणी उठलं नाही. पांढऱ्या साड्या धुळीत तशाच बसून राहिल्या. टांगेवाल्याने लगाम ओढला, क्षणभर मागे बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं, आणि वाकळेला वळसा घालून टांगा आत नेला.