कवळीखालचे बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक म्हातारा मासा आहे. पण मला पाहायचे तर मान खाली घालावी लागेल. बोटाएवढा, दगडाच्या रंगाचा, तळाशी राहणारा. आमच्या जातीला तरंगता येत नाही. पोहणे थांबवले की थेट खाली!

समुद्राकाठच्या खडकात एका दगडाखाली माझे घर होते. मादी छताला अंडी चिकटवून गेली होती आणि मी शेपटी हलवून त्यांना ताजे पाणी देत बसे. एकदा ओहोटीला दातांचे एक डॉक्टर सहलीला आले. त्यांनी दगड उलथवला आणि मला डब्यात घातले. माझ्या पिल्लांचे काय झाले, ते मला आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत आहे. पाणी खारट आहे, खाणे वेळेवर मिळते, पण चारी बाजूंना काच. येणारा प्रत्येकजण गाल धरून येतो आणि आपले दुखणे विसरायला माझ्या काचेवर टकटक करतो. आधी टाकीत दोन दगड होते. "मासा ठेवलाय म्हणता, दिसतो कुठे?" असे लोक विचारू लागले, तेव्हा डॉक्टरांनी ते काढले. मग मी उघड्यावर कोपऱ्यात पडून राहिलो, तर लोक म्हणाले, "हा आजारी दिसतोय." आगीतून फुफाट्यात, दुसरे काय! डोक्यावर छप्पर नसले की आम्हांला घास उतरत नाही. मी खरोखरच खंगलो.

"आणखी दोन दिवस बघू, नाहीतर टाकून देऊ," डॉक्टर म्हणाले.

त्यांची मदतनीस ताई मोठी थट्टेखोर. एका आजींनी टोचते म्हणून परत दिलेली कवळी तिने धुऊन टाकीत सोडली. "घे रे, तुलापण दात!" मी त्या गुलाबी टाळ्याखाली शिरलो आणि जिवात जीव आला. दातांआडून डोकावणारा मासा पाहून लोक पोट धरून हसत. माझे कौतुक होऊ लागले. दुसऱ्याच्या तोंडात का होईना, माझे बिऱ्हाड थाटले होते.

पण आजींना नवी कवळीही टोचली. जुनीच घासून घ्यावी म्हणून त्या परत आल्या. डॉक्टरांनी टाकीत हात घातला. आमच्या पोटाला दगड धरून ठेवणारी वाटी असते; तिने मी टाळ्याला घट्ट चिकटलो. सोडून जाणार कुठे? कवळीबरोबर मीही बाहेर आलो, धापा टाकत.

"अगंबाई, हा आत बसलाय! आधी पाण्यात सोडा त्याला."

"आजारी आहे तो, आजी. नुसता लपून बसतो," मला परत पाण्यात सोडत डॉक्टर म्हणाले.

"आजारी कसला? कवळी काढली की मीसुद्धा दार लावून बसते. चारचौघांत उघडं पडलं की कसं वाटतं, ते मला विचारा. याला आडोसा का नाही?"

ताईने खिडकीतल्या कुंडीखाली ठेवलेले माझे जुने दगड काढले, धुतले आणि टाकीत ठेवले. आजी आपले दात घेऊन गेल्या.

आता मी कोणालाच दिसत नाही. "मासा कुठाय?" असे कोणी विचारले, की ताई म्हणते, "आहे."

समुद्र मात्र मला मिळाला नाही. या काचेतच माझा शेवट होणार, आणि त्याचे मला फार दुःख आहे. मित्रांनो, पाहायला मिळावा म्हणून कोणताही जीव घरी आणू नका. आणि आणलाच असेल, तर त्याला तुमच्यापासून लपायला तरी जागा ठेवा.