काशीनाथांचा उजवा डोळा

मित्रांनो, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस डोळ्याला एक काळं भिंग लावतो, ते तुम्ही कधी पाहिलंय का? मी तसंच एक जुनं भिंग आहे.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, एका जिन्याखाली काशीनाथांचं दुकान होतं. एकोणतीस वर्षं त्यांनी मला उजव्या डोळ्याला लावलं. भुवई आणि गालामध्ये ते मला असं धरायचे की दोन्ही हात मोकळे राहायचे. केसाएवढी स्प्रिंग माझ्यातून दोरीएवढी दिसायची. गिऱ्हाइकं त्यांच्या हाताचं कौतुक करत. मला वाटायचं, कुणीतरी त्या डोळ्याचंही करावं.

गेल्या वर्षी एका दुपारी काम करताना त्यांच्या डोक्यात भयंकर कळ आली. मी डोळ्यावरून निसटून टेबलावर पडलो. त्यांना उलटी झाली आणि ते स्टुलावरून खाली कोसळले. शेजारच्या दुकानदाराने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

त्यांची मुलगी मिनल मला घरी घेऊन आली. पाच आठवड्यांनी काशीनाथही आले. ऑपरेशनने जीव वाचला होता; पण ते भिंत धरून चालायचे, चहाचा कप चाचपडत शोधायचे. घरच्यांना वाटलं, मेंदूला मार बसलाय, नजर येईल हळूहळू. त्यांची जीभही जड झाली होती, फारसं बोलत नसत. शोकेसमध्ये पडल्या पडल्या मी त्यांची वाट पाहत राहिलो.

एका सकाळी मिनलने, त्यांना जरा बरं वाटेल म्हणून, मला त्यांच्या हातात दिलं. बोटांनी मला लगेच ओळखलं. त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि परत केलं.

"पुसून दे गं. लाल झालंय."

तिने ओढणीने पुसून दिलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं.

"अजून आहे. डोळा फिरवला की तेपण फिरतंय."

मिनलने मला स्वतःच्या डोळ्याला लावलं. मी स्वच्छ होतो.

"पप्पा, भिंगाला काही नाहीये," ती हळूच म्हणाली. "तुमच्या डोळ्यात आहे ते."

त्याच दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. मी तिच्या पर्समध्येच होतो. बाईंनी समजावलं, की मेंदूत रक्तस्राव झाला की कवटीतला दाब एकदम वाढतो आणि कधीकधी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. काशीनाथांच्या दोन्ही डोळ्यांत रक्त साचलं होतं.

डावा डोळा तीन-चार महिन्यांत आपोआप निवळला. एक दिवस ते बायकोकडे, आशाकाकूंकडे, बघत राहिले आणि म्हणाले, "केस कधी पिकले तुझे एवढे?" काकू हसता हसता रडल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. रक्त निघालं, पण आतल्या पडद्यावर व्रण राहिला. त्या डोळ्याला माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही.

आता काशीनाथ एकटे बाजारात जातात, पेपर वाचतात. दुकान बंद झालं. डाव्या भुवईला माझी सवय नाही, तिथून मी घसरतो. मग ते मला उजव्या डोळ्यालाच लावून बसतात.

मित्रांनो, मेंदूच्या अशा दुखण्यातून उठलेल्या माणसाला धूसर दिसत असेल, तर वाट पाहू नका. काय दिसतंय ते त्याला विचारा, डोळे तपासून घ्या. काशीनाथांच्या उजव्या डोळ्याजवळ मी अजूनही घट्ट बसतो. त्याने माझ्यातून एकदा, एकदाच, पुन्हा नीट पाहावं, एवढंच मला वाटतं.