गाठ वसुमतीची

गाठीचा तुकडा तपासून आला त्या दिवशी सर्जनने वसुमतीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि तिच्या नवऱ्याला, रघुपतीला, आत बोलावलं. तो घाम पुसतच बाहेर आला. "स्वल्प गाठ आहे, इतकंच," म्हणाला. छातीतली ती गाठ आंघोळ करताना वसुमतीलाच लागली होती. केवढी आहे, हे त्याने तिला सांगण्याची गरज नव्हती.

१९६१ साल होतं. संध्याकाळी बसवनगुडी भागातल्या घरात ओसरीवर बैठक भरली. थोरला दीर हयवदन आरामखुर्चीत, रघुपती समोर स्टुलावर. वसुमती कॉफी घेऊन आली की दोघं गप्प, दाराआड गेली की पुन्हा सुरू. जणू दाराबरोबर तिचे कानही बंद होत होते.

"कॅन्सर म्हणाले ना? मग कापून काय उपयोग?" हयवदन म्हणाला. या गृहस्थाला पडसं झालं तरी दोन डॉक्टर लागत. "शिवाय परक्या पुरुषाने तिथे सुरी लावायची? काढा सुरू करू. वैशाखात आमच्या गुंडोची मुंज आहे. तोवर तिला कळू देऊ नकोस. हातपाय गाळून बसली तर स्वयंपाकघर कोण बघणार?"

"सरी, अण्णा," रघुपतीने होकार दिला.

दाराआड उभ्या वसुमतीला भीतीच्याही आधी आली ती किळस. ज्याच्या आवडीनिवडी सांभाळण्यात तिचा सगळा संसार गेला, तो माणूस तिचं मरणसुद्धा भावाला विचारून मुंजीनंतरचं ठरवत होता.

सकाळी ती विधवा नणंद सत्यवतीला घेऊन बसने हॉस्पिटलात गेली. सर्जनने मान वर केली नाही. "मिस्टरांना पाठवा."

"त्यांना काही झालेलं नाही," वसुमती म्हणाली.

तो सत्यवतीकडे वळला, जणू वसुमती एखादं लहान मूल होतं. "माझ्याकडे काय बघता?" सत्यवती म्हणाली. "तिला सांगा."

मग त्याला सांगावंच लागलं. गाठ लहान होती, काखेत हाताला काही लागत नव्हतं. स्तन, त्याखालचा स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढायच्या, लागल्यास नंतर क्ष-किरणांचा शेक.

"नुसती गाठ काढली तर?"

"परदेशात काहीजण तसं करून बघतायत. मी खात्री देणार नाही."

"आणि त्या बाजूचा हात?"

"सुजेल कदाचित. वर न्यायला पुन्हा शिकावं लागेल."

"वैशाखापर्यंत थांबले तर?"

आता कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "थांबू नका. आत्ता चांगली आशा आहे. वचन मात्र देत नाही."

एवढंच होतं. एवढं सांगायला पाचच मिनिटं लागली, आणि एवढंच तिच्यापासून लपवायला तिन्ही शहाण्या पुरुषांनी केवढी धडपड केली होती! वसुमतीने पदर खोचला. "माझ्या नावाने खाट ठेवा," ती म्हणाली.

घरी हयवदन कडाडला, "पुरुषांना विचारायची पद्धत राहिली नाही का?"

"विचारलं असतं, भावजी. पण तुम्ही मुंजीच्या लाडवांत होता."

रघुपती तिच्यामागून स्वयंपाकघरात आला आणि हुंदके देऊन रडला. रडणं खरं होतं, तिला कळत होतं. तिने त्याला हात मात्र लावला नाही. "रडून झालं की तोंड धुवा. रक्त द्यायला माणूस हवंय."

तो आला. सुई बघूनच भिंतीला टेकून खाली बसला. रक्त दिलं ते सत्यवतीने.

ऑपरेशन नीट झालं. भेटायला आलेल्यांना रघुपती खाटेशी उभा राहून सांगे, "वेळेवर निर्णय घेतला आम्ही." वसुमती डोळे मिटून पडून राही. उत्तर देण्याइतकंही त्याचं मोल तिला वाटत नव्हतं.

गाठ परत आली नाही. वसुमती पुढे खूप वर्षं जगली, रघुपतीला वेळेवर वाढत राहिली, सभ्यपणे बोलत राहिली. कुठल्याही बाबतीत त्याचं मत मात्र तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला याचं कधी वाईट वाटलं असलंच, तर ते त्याने अण्णाला सांगितलं असेल.