उंबऱ्यावरचे पाणी

भाजलेली लाल ढोबळी मिरची चिमट्याने उचलून वेलिका एकेक करून पातेल्यात टाकत होती. साल सुटायचे तर पातेल्यावर झाकण हवे. झाकण देल्यानच्या हातात होते आणि तो ते देत नव्हता.

“आधी हो म्हण.”

“झाकण दे. वाफ चाललीय सगळी.”

“आजी, रविवारी शेवटचा सामना. त्यानंतर देशाचा शर्ट माझ्या अंगावर नसणार. चार दिवस राजधानीत, सोफियाला माझ्या घरी राहा, सामना बघ, परत ये. मिरच्या पळून जाणारेत का?”

“पाणी ओतणारीनं घर सोडायचं नसतं,” वेलिका म्हणाली. “तुला काय नव्यानं सांगायचं?”

सोळाव्या वर्षी तो प्लोवदिवच्या फुटबॉल क्लबात जायला निघाला, तेव्हा तिने तांब्याच्या तांब्यात अंगणातली जिरेनियमची फुले टाकून उंबऱ्यावर पाणी ओतले होते. त्यावरून उजवा पाय टाकून निघायचे, मागे वळून बघायचे नाही. मग वाट पाण्यासारखी सरळ वाहते. आणि ज्या हाताने पाणी ओतले त्या हाताने घर धरून ठेवायचे, निघालेल्याचे काम होईपर्यंत. वेलिकाच्या आईने असेच केले होते, तिच्या आईनेही.

वाट वाहिली खरीच. प्लोवदिवहून सोफिया, तिथून बेल्जियम, मग तुर्कस्तान, आणि शेवटी पुन्हा सोफिया. तेविसाव्या वर्षी देशाच्या संघात, तिसाव्या वर्षी दंडावर कर्णधाराची पट्टी. गोल त्याने फार केले नाहीत. गोल करणाऱ्याच्या पायाशी चेंडू नेऊन ठेवणारा तो. टीव्हीवरचे जाणकार त्याच्या मानेबद्दलच जास्त बोलत. चेंडू पायाशी यायच्या आधी ती मान खांद्यावरून मागे वळायची, आणि चेंडू येईतो कुठे द्यायचा ते ठरलेले असायचे. हे शिकलास कुठे, असे विचारले की तो हसून विषय बदलायचा. वेलिकाने हे सगळे घरातल्या पडद्यावर पाहिले, दार आतून लावून.

एकदाच ती सामन्याच्या दिवशी बाहेर पडली होती. शेजारच्या त्सोनाकडे, वाटीभर मिठासाठी. त्याच संध्याकाळी बेल्जियमात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला.

“माझ्या मिठानं गुडघा गेला, असंच अजून म्हणतेस,” शेजारच्या भिंतीवरून त्सोना म्हणाली. तिचे कान नेहमी याच अंगणात असत. “मग कर्णधार कुणाच्या मिठानं झाला गं?”

“तू तुझ्या कोंबड्या बघ.”

“कोंबड्यासुद्धा फिरून येतात. तू तर दाराची कडी होऊन बसलीयस.”

देल्यानने झाकण पातेल्यावर ठेवले. आत जाऊन बॅग घेऊन आला. वेलिकाला वाटले, समजला. नेहमीच समजायचा. तिने तांब्या भरला, दोन फुले टाकली. हे शेवटचे पाणी, हे तिलाही कळत होते. रविवारी पडद्यावर तो मैदान सोडताना दिसेल आणि मग जाहिराती लागतील.

तिने पाणी ओतले. त्याने उजवा पाय टाकला. जिरेनियमच्या कुंड्या गेल्या, नळ गेला, तो फाटकापर्यंत पोहोचला. तिथे थांबला, आणि खांद्यावरून मान वळवून त्याने सरळ तिच्याकडे पाहिले.

वेलिकाच्या हातातला तांब्या खाली आला.

“काय केलंस हे? गाढवा, काय केलंस?”

“बघितलं.”

“पाणी मोडलं ना.”

“मोडलं तर काय करतात?” तो परत येत म्हणाला, शाळेत प्रश्न विचारावा तसा.

उत्तर तिनेच त्याला लहानपणी शिकवले होते. घरात परत यायचे, क्षणभर बसायचे, आणि पुन्हा पाणी ओतायचे. पण दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने. ज्याचे पाणी मोडले तो हात त्या दिवशी चालत नाही.

तो बाकावर बसला. वेलिकाने भिंतीकडे पाहिले. त्सोना भिंतीपाशी नव्हती. ती फाटकातून आत येत होती, नवी ओढणी डोक्याला बांधून, हातात काठोकाठ भरलेली किटली.

“मला सकाळपासून उभं केलंय त्यानं,” त्सोना म्हणाली. “चल, कोट घाल. घर मी धरते, मिरच्याही मी सोलते. मीठ माझ्या घरचंच घालीन.”

वेलिका आत गेली आणि लग्नाकार्याचा कोट घालून आली. त्सोनाने किटलीतले पाणी उंबऱ्यावर ओतले. वेलिकाने आधी पाय बदलला, मग उजवा टाकला. गाडीपर्यंत तिने मान इकडची तिकडे केली नाही.

रविवारी मैदान तिला पडद्यापेक्षा फार मोठे आणि फार हिरवे वाटले. माणसे लहान दिसत होती. देल्यान कोणता हे शोधायला मात्र तिला कुणाची मदत लागली नाही. चेंडू लांब, पलीकडच्या कडेला होता. त्याची मान वळली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग तिसऱ्यांदा वळली, जिथे ना आपला खेळाडू होता ना परका, नुसती ती बसलेली प्रेक्षकांची रांग होती, तिकडे.

त्याची आई ग्रीसला हॉटेलात कामाला गेली त्या उन्हाळ्यात तो सहा वर्षांचा होता. गल्लीत चेंडू खेळता खेळता मध्येच मान वळवून फाटकाकडे बघायचा. वेलिका तिथे शेंगा सोलत बसलेली असायची. हात मोकळे नसायचे.

आताही तिने हात वर केला नाही. तेव्हा करायची तशीच दोन्ही बाजूंना मान डोलावली. आहे, इथेच आहे.

चेंडू त्यानंतर आला.